लहान पोरांना घेऊन मुंबईला निघालाय? आधी हे वाचा (सांगली-मिरजकरांसाठी, सातारकरांनाही चालेल)

आम्ही पहिल्यांदा दोन्ही पोरांना घेऊन मुंबईला गेलो तेव्हा राणीच्या बागेच्या गेटवर पोचलो बुधवारी, आणि बुधवारी राणीची बाग बंद असते. हे भायखळ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहिती असेल, आम्हाला नव्हतं. थोरली "पेंग्विन कुठायत, पेंग्विन कुठायत" करत गेटच्या गजांना लोंबकळतीय, धाकटा बाबांच्या खांद्यावर झोपलाय, भडंगाची पिशवी फुटून अर्धं भडंग पर्समध्ये सांडलंय, आणि वरून नोव्हेंबरातसुद्धा घामाच्या धारा. त्या ट्रिपमध्ये चार दिवसांत नऊ ठिकाणं बघायचा प्लॅन होता. बघून झाली साडेतीन, आणि पोरांना आज विचारलं तर त्यातलं आठवतं एकच, हॉटेलातली लिफ्ट.

दुसऱ्या वेळी आम्ही नऊची तीन केली आणि ती ट्रिप झकास झाली. तेव्हा थोरली साडेसात वर्षांची होती आणि धाकटा साडेतीनचा, म्हणजे खाली लिहिलंय ते साधारण तीन ते दहा वयाच्या पोरांसाठी धरा. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल आणि लग्न-दवाखाना असं काही कारण नसेल तर माझं स्पष्ट मत आहे, थांबा अजून वर्षभर. त्याला आपला कृष्णेचा घाट आणि मुंबईची चौपाटी सारखीच.

आधी वार ठरवा, ठिकाणं नंतर

राणीची बाग बुधवारी बंद. (बुधवारी सरकारी सुट्टी आली तर उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद, म्हणजे तिथेही फसायची सोय आहे.) घारापुरीची लेणी सोमवारी बंद आणि बोरिवलीचं नॅशनल पार्कही सोमवारीच. म्हणून सोमवार आणि बुधवार हे दोन वार टाळून गुरुवार ते शनिवार धरले की डोकं शांत राहतं. रविवारी ऑफिसची गर्दी नसते हे खरं, पण रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, गाड्या कमी आणि उशिरा, आणि अख्खी मुंबई पोरं घेऊन तुमच्याच ठिकाणी आलेली असते.

महिना म्हणाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्यात सगळे जातात कारण शाळेला सुट्टी असते, पण आपल्याकडचं ऊन कोरडं, सावलीत बसलं की बरं वाटतं, मुंबईत सावलीतही अंगाला शर्ट चिकटतो आणि लहान पोरं दमट हवेत फार लवकर किरकिरी होतात. जुलै-ऑगस्टचा तर विषयच नको.

रिझर्वेशन

सांगलीकरांसाठी माझ्या मते एकच गाडी, महालक्ष्मी. रात्री बसा, पोरं झोपतात, सकाळी मुंबई. रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं (पूर्वीचे 120 दिवस विसरा), त्या दिवशी सकाळीच काढून टाका, दिवाळीच्या सुट्टीत तर नक्कीच, कारण वेटिंगवर पोरं घेऊन निघणं म्हणजे रात्रभर एका बर्थवर चौघं.

तिकिटाचं गणित असं: पाच वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बाराच्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धं, आणि बर्थ हवा असेल तर पूर्ण. इथे बरेच जण अर्ध्या तिकिटात भागवायला जातात. नका भागवू. सात-आठ वर्षांचं पोर झोपेत केवढं पसरतं ते तुम्हाला माहितीच आहे, रात्री एकच्या सुमाराला तुम्ही बर्थच्या कडेला लटकलेले असाल आणि सकाळी मुंबई बघायची ताकद राहणार नाही. मोठ्या मुलाला मधला बर्थ द्या, खालच्यावर आई आणि धाकटं, बाबा कुठेही झोपतात.

सातारकरांचं थोडं वेगळं आहे. तुमचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आणि महालक्ष्मी तिथे येते मध्यरात्रीच्या आसपास, एवढ्या रात्री झोपलेली पोरं उचलून न्यायची म्हणजे वैताग. तुम्हाला मुंबई जवळ आहे, सकाळची एसटी धरा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, पाच ते बाराच्या पोरांना अर्धं, आणि आजी पंच्याहत्तरच्या वर असेल तर ती फुकट. म्हणजे पूर्ण पैसे फक्त बाबांचे. खंबाटकी आणि खंडाळा असे दोन घाट लागतात एवढं लक्षात ठेवा, आणि निघताना पोटभर दूध पाजू नका.

स्वतःची गाडी? आम्ही नेत नाही. एक्स्प्रेसवेपर्यंत मजा येते, नंतर पार्किंग शोधण्यात बाबांची अर्धी ट्रिप जाते आणि उरलेल्या अर्ध्यात ते चिडलेले असतात.

बॅगेत काय

एका माणसाला एकच पाठीवरची बॅग, म्हणजे दोन्ही हात मोकळे. हा नियम मोडायचा नाही, कारण दोन पोरं म्हणजे दोन हात तिथेच गेले. चाकाची सुटकेस मुंबईत पूल आला की उचलावी लागते आणि पूल सारखे येतात. तीच गत बाबागाडीची, फूटपाथ सलग असा नाहीच, मध्येच टपरी, मध्येच खोदलेलं. त्यापेक्षा लहान मूल पुढे बांधायची ती बेल्टची झोळी मिळते ना, ती घ्या.

खायला दशम्या (दुधात भिजवलेल्या, दोन दिवस हमखास टिकतात), शेंगदाण्याची चटणी, भडंग. भडंग घट्ट झाकणाच्या डब्यात न्या, पिशवीत नाही, का ते वर सांगितलंय. ओआरएसची पाकिटं, तापाचं औषध, उलटीसाठी कागदी पिशव्या, आणि प्रत्येक पोराचा एक जास्तीचा कपड्यांचा जोड वरच्या कप्प्यात, तळाशी नको.

आणि पोरांच्या पायात क्रॉक्स घालू नका. आम्ही घातले होते. दादरला सरकत्या जिन्यावर धाकट्याच्या क्रॉक्सचं टोक जिन्याच्या कडेच्या फटीत ओढलं गेलं, नशिबाने पाय बाहेर निघाला, चप्पल आत चेपली, आणि मागच्या एका काकांनी लाल बटण दाबून जिना थांबवला. ते बटण असतं हेच मला तोपर्यंत माहिती नव्हतं. मऊ रबराची चप्पल तिथे सहज अडकते. सरळ बंदाचे बूट घाला, जिन्यावर पोराला मधोमध उभं करा, कडेला टेकू देऊ नका आणि उतरताना पाय उचल म्हणून आधीच सांगा.

राहायचं कुठे

हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे आणि आपण सांगलीकर तो सगळ्यात आधी चुकतो, कारण प्रत्येकाचं कुणीतरी डोंबिवलीला, कळव्याला नाहीतर विरारला असतंच. आमच्या वन्सं डोंबिवलीला आहेत. माणसं जीव लावतात, पोरांना भावंडं भेटतात, सगळं खरं. पण तिथून मुंबई बघायची म्हणजे सकाळी तुम्ही त्याच दिशेला निघता जिकडे अख्खा ठाणे जिल्हा ऑफिसला निघालेला असतो.

मुंबईच्या गर्दीला दिशा असते, हे एक कळलं की निम्मी मुंबई कळली. सकाळी आठ ते अकरा गर्दी सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुनं व्हीटी) आणि चर्चगेटकडे जाते, संध्याकाळी पाच ते नऊ उलटी. तुम्ही जर फोर्ट-सीएसएमटी भागात राहिलात तर सकाळी तुम्ही भायखळा-दादरकडे जाता, म्हणजे गर्दीच्या बरोब्बर उलट, आणि लोकलमध्ये बसायला खिडकी मिळते. साडेनऊ वाजता! आमच्या शेजारच्या फलाटावर माणसं दारात लटकून येत होती आणि आमची पोरं आमच्या गाडीत सीटवर पाय सोडून गाणी म्हणत होती.

म्हणून आता आम्ही असं करतो: दोन रात्री स्टेशनजवळ साधं हॉटेल आणि शेवटची एक रात्र वन्संकडे. हॉटेलला फोन करून सकाळी लवकर रूम मिळेल का ते आधी विचारा, कारण गाडी सकाळी पोचवते आणि बऱ्याच हॉटेलांची रूम दुपारी बाराला मिळते. थोडे जास्त पैसे मागितले तरी द्या. पोरांची आंघोळ आणि दोन तास झोप झाली की पुढचा दिवस सुखाचा. आमच्या एका हॉटेलवाल्याने फोनवर "हो हो या" म्हणून नंतर पाच तास रिसेप्शनच्या सोफ्यावर बसवलं होतं, तेव्हा मेसेजवर लिहून घ्या.

उतरल्यावर

दादरला उतरायची घाई करू नका, शेवटपर्यंत सीएसएमटीला जा. शेवटचं स्टेशन, गाडी पुढे कुठे पळणार नाही, सगळे उतरले की सावकाश बूट घाला, सीटखाली बघा, मग उतरा. शिवाय स्टेशन हीच बघायची गोष्ट आहे. 1887 पासूनची इमारत, 2004 साली जागतिक वारसा यादीत गेली. बाहेर रस्ता ओलांडून समोरून दाखवा आणि भिंतीवर कोरलेले प्राणी शोधायला लावा. आमच्या थोरलीने मोर शोधला, धाकट्याने "माकड" म्हणून जे दाखवलं ते काय होतं देव जाणे.

पहिल्या दिवशी एवढंच, आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. बास. सीएसएमटीवरून एनसीपीएला (मरीन ड्राइव्हच्या टोकाचं नाट्यगृह) जाणारी एसी डबलडेकर बस आहे, नंबर ए-115, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर पोरांसाठी तीच निम्मी मुंबई. जुन्या लाल डबलडेकर 2023 ला बंद झाल्या, ही नवी बॅटरीवरची. मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसा पण पोरांना पलीकडच्या त्या सिमेंटच्या दगडांवर उतरू देऊ नका, शेवाळ असतं आणि मधे खोल फटी आहेत.

आमची थोरली तिथे पाच मिनिटं गप्प उभी होती. मग म्हणाली, "आई, आयर्विनला किती फूट झालं असेल?" (आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथे फुटांत मोजतात.) पुराच्या सांगलीत वाढलेलं पोर, एवढं पाणी एकत्र दिसलं की तिला तेच सुचणार. हे पाणी रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं हे सांगितल्यावर तिचा पुढचा प्रश्न, "मग माणसं सामान वर कधी नेतात?"

लोकलचे नियम, घरातून पाठ करून निघा

पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. बारापर्यंतचा मुलगा आईबरोबर लेडीज डब्यात चालतो, आणि पोरं असली की लेडीज डबाच बरा, बायका ओरडतील पण जागा देतील. मग बाबा वेगळ्या डब्यात, म्हणून कुठल्या स्टेशनला उतरायचं आणि फलाटावर कुठे भेटायचं (आम्ही इंडिकेटरखाली ठरवतो) हे चढायच्या आधी बोलून घ्या. चढल्यावर फोन लागेलच असं नाही.

चढताना पोर कधीच शेवटचं नको, सगळे एकाच डब्यात असाल तर एक मोठा आधी, मग पोरं, मग दुसरा मोठा. उतरतानाही तसंच. उतरायची तयारी एक स्टेशन आधी, आणि दार कुठल्या बाजूला येणार ते शेजारणीला विचारा, तिला तोंडपाठ असतं.

आणि चुकून ताटातूट झाली तर? नियम एकच: जो गाडीत राहिला त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं, जो फलाटावर राहिला त्याने मागच्या गाडीने यायचं. दोघांनीही परत फिरायचं नाही, नाहीतर एकमेकांना शोधत तासभर उलटसुलट फिरत बसाल. म्हणूनच पोरांबरोबर फास्ट लोकल नको, स्लोच, ती प्रत्येक स्टेशनला थांबते. धावती गाडी पकडायची नाही, मागून दुसरी येतेच.

लोकलची एक हौस म्हणून फेरी झाली की पुढे भूमिगत मेट्रोही वापरा. आरे ते कफ परेड ही मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण चालू झाली, सीएसएमटी, सिद्धिविनायक, दादर सगळं त्यावर आहे, लिफ्ट आहे, एसी आहे, आणि पोरांना जमिनीखालून गाडी जाते याचंच अप्रूप. टॅक्सी काळी-पिवळी, मीटर 31 रुपयांपासून सुरू. रिक्षा मात्र शहर भागात मिळत नाही, ती वांद्रे आणि सायनच्या पुढे. आमचे हे फोर्टात उभं राहून रिक्षाला हात करत होते, पाच मिनिटं.

बघायचं काय आणि सोडायचं काय

एका दिवशी एकच मोठं ठिकाण, सकाळी. दुपारी झोप. संध्याकाळी काहीतरी मोकळं. याच्यापेक्षा जास्त कोंबलंत की रडारड, मग तुमची आणि ह्यांची भांडणं.

राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पहिल्या नंबरवर. सीएसएमटीवरून मस्जिद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरं भायखळा, पूर्वेला उतरून चालत. बाग सकाळी साडेनऊला उघडते, तेव्हाच पोचा. तिकीट मोठ्यांना 50, मुलांना 25, आणि आई-बाबा-दोन मुलं असं कुटुंब असेल तर चौघांचे मिळून 100, म्हणजे आपल्याकडे दोन वडापाव-चहात जातात एवढेच. आत गेल्यावर थेट पेंग्विनकडे, इकडे तिकडे बघत बसू नका, कारण अकरानंतर तिथे रांग लागते. हे हम्बोल्ट पेंग्विन, 2016 ला आणलेले, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, थंड केलेल्या काचेच्या खोलीत असतात. पोरांना काचेच्या अगदी खालच्या टोकाला बसवा. तिथून पाण्याखाली पोहणारा पेंग्विन नाकासमोरून सुर्रकन जातो. उभ्या माणसाला तो नुसता पाठमोरा दिसतो. आमचा धाकटा काचेला ओठ लावून बसला होता आणि उठेचना.

मग पक्ष्यांचा मोठा पिंजरा, ज्याच्या आतून आपणच चालत जातो. बाहेर पडताना बागेतच भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती दाखवा, तो घारापुरीचा, त्याच्यामुळेच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. आणि काळा घोडा भागाला ज्याच्यावरून नाव पडलं तो मूळ पुतळाही इथेच उभा आहे. साडेबाराला बाहेर.

दुसऱ्या दिवशी पोरं पाचच्या वर असतील तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. 1985 पासूनचं, हात लावून बघायच्या वस्तू आणि बाहेर मोठं मैदान. मेट्रो 3 वर त्याच्यासाठी 'सायन्स सेंटर' नावाचं स्टेशन आहे. पोरं लहान असतील तर त्याऐवजी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, सव्वादहाला उघडतं, पेंढा भरलेले प्राणी बघण्यात तास जातो, आवारात मुलांसाठी वेगळं संग्रहालय 2019 ला केलंय. चित्रं-मूर्ती वगैरे तुम्हाला बघायच्या असतील तर आळीपाळीने आत जा.

संध्याकाळी मलबार हिलचा म्हातारीचा बूट. फुकट, आणि आपण लहानपणी फोटोत बघितलेला असतो त्यामुळे आपल्यालाच जास्त भरून येतं. आत फक्त मुलांना सोडतात.

सोडायचं ते असं. तारापोरवाला मत्स्यालय शाळेच्या सहलीतलं म्हणून बरेच जण शोधत जातात, ते बरीच वर्षं बंद आहे. घारापुरी पाचच्या आतल्या पोरांबरोबर नको, तासभर बोट आणि मग शंभरावर पायऱ्या, परतीला पोर तुमच्या कडेवर. समुद्राची हौस गेटवेवरून अर्ध्या तासाच्या बोटीच्या फेरीने भागते. लाईफ जॅकेट मागून घ्या आणि पोरांच्या मापाचं आहे का बघा, मोठ्यांचं जॅकेट पोराच्या डोक्यावरून निघून जातं.

खाणं, पाणी, आणि ते दुसरं

पाणी बाटलीचं. वडापाव द्या पण चटणी काढून. दादरला आस्वादसारख्या मराठी हॉटेलांत वरण-भात, थालीपीठ, दहीभात असलं पोरांच्या पोटाचं मिळतं, एक वेळ तरी तसं जेवा. रस्त्यावरचा बर्फाचा गोळा चौपाटीवर समोर येणारच, मी नाही म्हणते, बाबा हो म्हणतात, तुमचं तुम्ही बघा.

शी-शू हा खरा प्रश्न. नियम करा, जिथे स्वच्छ जागा दिसेल तिथे प्रत्येकाने जायचं, लागली असो नसो. हॉटेल, म्युझियम, मॉल, मोठ्या स्टेशनची वेटिंग रूम. सुट्टे पैसे आणि कागद वेगळ्या खिशात.

पोर हरवू नये म्हणून

रोज सकाळी दंडावर बॉलपेनने दोघांचेही मोबाईल नंबर लिहा, आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाने पुसत नाही. कपडे भडक रंगाचे. निघतानाच एक फोटो काढा म्हणजे आज काय घातलंय ते पोलिसाला सांगता येतं, घाबरलेल्या आईला रंग आठवत नाही. पोराला एवढंच शिकवा: आई दिसली नाही तर जागेवर थांब, आणि खाकी कपड्यातल्या माणसाला किंवा लेकरू घेतलेल्या बाईला सांग. मुलांसाठी 1098, रेल्वेत 139, बाकी कुठेही 112.

परत येताना

पोरं मोठी असतील तर दिवसाची कोयना धरून खंडाळ्याचा घाट आणि आदर्कीचे बोगदे दाखवता येतात, लहान असतील तर पुन्हा रात्रीची महालक्ष्मीच. वन्संकडे असाल तर उलट सीएसएमटीला जाऊ नका, कल्याणला चढा, पण तिथे गाडी थोडाच वेळ थांबते तेव्हा डबा कुठे लागतो ते आधी विचारून त्याच जागी उभे राहा. पहाटेचा अलार्म दोन मोबाईलवर लावा. कऱ्हाड गेलं की पोरांना उठवायला घ्या, एकाचा बूट सापडेपर्यंत किर्लोस्करवाडी येते. आणि सगळ्यांनाच झोप लागली तर घाबरायचं नाही, मिरजेला उतरा आणि रिक्षा करा.